गेटवर दिलेली लग्नपत्रिका

तळेगावात माधवरावांना ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो कालच राहायला आला असणार. आणि उद्या संध्याकाळपर्यंत माधवराव त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या आईला चांगली आमसुलं कुठे मिळतात ते सांगत असणार. त्यांना भाजीला पाठवायची सोय नाही. सकाळी मेथी आणायला गेलेला माणूस दुपारी कुणाच्या तरी मुलीचं स्थळ सुचवून परत येतो, आणि मेथी राहते ती राहतेच. अरुंधतीबाईंनी दारातच "अहो, मेथी?" असं विचारलं की म्हणणार, "अगं, ते असू दे. आधी काय झालं ते ऐक."

आता यात दोष द्यायचाच तर टेलिफोन खात्याला द्यावा लागेल. माधवरावांची सगळी नोकरी त्या खात्यात गेली. घरोघर लँडलाइन होती त्या काळात फोन बंद पडला की लोक डॉक्टरपेक्षा त्यांची वाट जास्त बघायचे. मळवलीचे बंगले म्हणू नका, उर्से म्हणू नका, नवलाख उंबऱ्यातल्या आळ्या म्हणू नका. खांद्याला वायरचं वेटोळं अडकवून हे सरळ माजघरात. कुत्रं असो की सासू, कुणी अडवलं नाही. फोन दुरुस्त व्हायचा चटकन, माधवराव बाहेर पडायला मात्र वेळ लागायचा. घरातल्या आजारपणाची चौकशी व्हायची, रुसलेल्या सुनेची बाजू ऐकली जायची, चहा व्हायचा, मग दुसरा चहा व्हायचा. कुणाचा फोन देवाच्या फळीवर आणि कुणाचा कणगीमागे, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. मग मोबाइल आले. लोकांचे फोन खिशात गेले आणि माधवरावांचा लोकांच्या घरात शिरायचा परवानाच गेला. निवृत्तीनंतर ते घरात नुसते येरझाऱ्या घालायचे.

"तुम्हाला घरात बसायचा कंटाळा नाहीये," अरुंधतीबाई म्हणायच्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे निदान चुकत नसे. "दुसऱ्याच्या घरात बसायला मिळत नाही, त्याचा कंटाळा आलाय."

अशा वेळी श्रीयश आला. श्रीयश म्हणजे माधवरावांच्या बहिणीचा मुलगा. पुण्याला त्याचा एक विचित्र धंदा आहे. कंपन्या त्याला बोलावतात आणि सांगतात, आम्हाला फसवून दाखव. कॉम्प्युटरला कुलपं घालून ठेवलेली असतात, पण कुलूप उघडणारी शेवटी माणसंच. त्यांना गोड बोलून, घाबरवून, नाहीतर घाईत गाठून कुणी परका आत शिरू शकतो का, ते तपासायचं. शिरता आलं तर आत एक लाल स्टिकर चिकटवायचं, फोटो काढायचा, आणि कंपनीला सांगायचं की बाबांनो, इथून वारा येतोय, बुजवून घ्या. चोरी काही करायची नाही. पकडले गेलोच तर दाखवायला खिशात त्या कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या सहीचं परवानगीचं पत्र. याला म्हणतात सोशल इंजिनिअरिंग.

"म्हणजे मी आयुष्यभर जे करत आलो त्याला इंजिनिअरिंग म्हणतात होय?" माधवराव चकित होऊन म्हणाले. "आणि मला खात्यानं हेल्पर म्हणून घेतला होता!"

"मामा, तू हसू नकोस. मी अडचणीत आहे," श्रीयश म्हणाला.

अडचणीचं नाव होतं शालूबाई. नवलाख उंबऱ्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या गेटवर ही बाई सिक्युरिटीला. श्रीयशने पहिला पोरगा पाठवला तो आग विझवायची नळकांडी तपासणारा बनवून. शालूबाईने भिंतीवरचं एक नळकांडं काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चालवून दावा." पोराने ते असं चालवलं की सगळी पावडर त्याच्याच तोंडावर. दुसरा झुरळं मारणारा बनून गेला. त्याला तिने केबिनमध्ये बसवून ठेवलं, डब्यातली पिठलं-भाकरी खायला घातली आणि मग शांतपणे पोलिसांना फोन लावायला घेतला. ते पत्र खिशात होतं म्हणून पोरगा वाचला. तिसऱ्याने हुशारी केली. हेड ऑफिसचा साहेब होऊन त्याने आधी फोन केला, की आमचा माणूस येतोय, सोडा. शालूबाई म्हणाली, "आमचा सायेब इतका ग्वाड बोलत न्हाई. कोन रं तू?"

माधवरावांना ही बाई ऐकताक्षणीच आवडली. ते मांडी घालून नीट बसले. आता विचार करा, माणूस निवृत्त, बोलायची खाज, घरात मुलीचं लग्न, आणि समोर न उघडणारं दार. डोकं चालणार नाही तर काय होईल?

"लग्नाची पत्रिका," माधवराव म्हणाले. "पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी अडवतं का सांग."

श्रीयशने टाळीच दिली. तो म्हणाला, आजच एक खोटी पत्रिका छापून घेऊ. तेवढ्यात आतून अरुंधतीबाई बाहेर आल्या. "वर गणपती आणि खाली थाप? असलं अभद्र माझ्या घरात चालायचं नाही हं, सांगून ठेवते."

"मग खोटी कशाला?" माधवराव म्हणाले. "आपल्या सईचीच नेतो. लग्न खरं, तारीख खरी, लोणावळ्याचं कार्यालय खरं, मुलीचा बाप तर अगदीच खरा. एक अक्षर खोटं बोलणार नाही मी."

"आणि बोलावलेले लोक आले म्हणजे?"

"छे! इतक्या लांब कोण येतंय गेटवरचं? उगीच आपलं काहीतरी," माधवराव म्हणाले. हे वाक्य नीट ऐकून ठेवण्यासारखं होतं, पण त्या वेळी ते कुणीच ऐकलं नाही, म्हणणाऱ्यानेसुद्धा.

ठरल्या दिवशी माधवरावांनी इस्त्रीचा सदरा घातला, पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा, अक्षतांची डबी आणि ते लाल स्टिकर टाकलं, आणि स्कूटर काढली. गेटवर शालूबाई उभीच होती. निळा गणवेश, डोक्यावर टोपी, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"कुटं?"

"जरा आत यायचं होतं."

"कुनाला भेटायचंय? मेल आलाय का? आधार कार्ड दावा. ल्यापटॉप आसंल तर हितं ठिवा."

"लॅपटॉप कुठला, बाई. माझ्या पिशवीत गणपती आहे." माधवरावांनी पत्रिका काढून दाखवली. "मुलीचं लग्न काढलंय. आमंत्रणं करत फिरतोय."

"आस्सं व्हय. मंग द्या हिकडं, मी पोचवते आत सायबास्नी. समदे आसंच देत्यात." तिने हात पुढे केला, तो गठ्ठा घेण्यासाठी.

"आतल्यांचं बघू नंतर," माधवराव म्हणाले. "पहिली तुमची."

"माजी?"

"मग! दारात तुम्ही उभ्या आणि तुम्हाला ओलांडून जाऊ होय? नाव सांगा." त्यांनी पेन काढलं, स्कूटरच्या सीटवर पाकीट ठेवलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, सौ. शालूबाई, सहकुटुंब सहपरिवार. लिहिता लिहिता नेहमीचा प्रश्न आलाच, सासर कुठलं. ती निघाली नवलाख उंबऱ्याच्या केरबांची सून.

"केरबांची? अहो, तुमच्या घरचा फोन मी जोडलाय! दारामागच्या कोनाड्यात होता, बरोबर?"

"व्हय की!" शालूबाई एकदम घरातली झाली. "मामंजी आजून नाव काडत्यात तुमचं. टेलिफोनवालं!"

माधवरावांनी पत्रिका दिली आणि वर चिमूटभर अक्षता घातल्या. शालूबाईचा हात सवयीने खांद्याकडे गेला, पदर पुढे घ्यायला. गणवेशाला पदर कुठला असणार? मग तिने दोन्ही हात शर्टाला पुसले आणि ओंजळ पुढे केली. माधवराव म्हणाले, थांबा, असाच एक फोटो काढतो. ती टोपी सारखी करून हसली.

"जावा आत," ती म्हणाली. "सही तेवढी... ऱ्हाऊ द्या. मुलीच्या बापाला काय सही मागायची."

झालं! जे दार तीन शिकलेल्या पोरांना उघडलं नाही, ते असं उघडलं. आतली गंमत तर विचारूच नका. अकाउंटवाल्यांना वाटलं हे एचआरमधल्या कुणाचे तरी असणार, एचआरला वाटलं अकाउंटवाल्यांचे. विचारणार कोण? पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला "आपण कोण?" असं तोंडावर कसं विचारायचं? आपलाच विसरलेला कुणी नातलग निघाला म्हणजे? त्यापेक्षा "मुलगा काय करतो?" हे विचारणं सोपं. माधवरावांनी जावयाची माहिती दिली, चहा घेतला, अकाउंटमधल्या एका बाईंना गुडघ्याच्या तेलाचं नाव सांगितलं. मोठे साहेब काचेच्या केबिनमध्ये फोनवर होते. माधवरावांनी काचेबाहेरून नमस्कार केला, साहेबांनीही आतून मान लववली. आता गंमत बघा, परवानगीच्या पत्रावर सही याच साहेबांची, कुणीतरी येणार हे त्यांना पक्कं माहीत. पण पांढऱ्या मिशांचा, पिशवीवाला येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

निघता निघता त्या गुडघेवाल्या बाई म्हणाल्या, "अय्या, रुचिरला राहिली की! आमचा कॉम्प्युटरवाला. सर्व्हर रूममध्ये बसतो. त्याला विसरलात तर रुसेल हो. मागे बारशाचे पेढे पोचले नाहीत तर महाराजांनी आठवडाभर प्रिंटरला हात लावला नव्हता."

"छे छे, रुसवा नको कुणाचा," माधवराव म्हणाले, आणि त्या बाई स्वतः त्यांना सर्व्हर रूमपर्यंत घेऊन गेल्या. रुचिरने आपल्या कार्डाने दार उघडलं. आत थंडगार, जोडे बाहेर काढायचे, दिवे लुकलुकतायत. माधवरावांना देवळात आल्यासारखंच वाटलं. रुचिरचं लग्न व्हायचं होतं. मग काय, पत्रिका देऊन झाल्यावर त्याची रास, नक्षत्र, अपेक्षा, सगळी चौकशी झाली. तो बिचारा लाजून लॅपटॉपकडे बघत उत्तरं देत होता, तेवढ्यात माधवरावांनी मागे हात करून कपाटावर लाल स्टिकर चिकटवलं. दोघांचा फोटोही काढला. स्टिकर फोटोत बरोबर मध्ये आलं.

बाहेर टपरीवर येऊन त्यांनी श्रीयशला फोन लावला तेव्हा आवाजात असा काही तोरा होता की विचारू नका. "एक शब्द खोटा बोललो नाही!" हे त्यांनी त्याला सांगितलं, घरी जाऊन अरुंधतीबाईंना सांगितलं, सईला सांगितलं, आणि मेथीवाल्यालाही सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीत मीटिंग झाली. श्रीयशने पडद्यावर सगळं दाखवलं. अहवालात त्याने नुसतं "गेटवरील कर्मचारी" असं लिहिलं होतं, फोटोतला चेहरा पुसून टाकला होता. श्रीयश या बाबतीत कडक आहे. भिंतीला भोक कुठे आहे ते सांगायचं, वीट कुणाची ते सांगायचं नाही, हा त्याचा नियम. पण कौतुक म्हणून त्याने मामाला सोबत नेलं होतं, आणि तिथेच घात झाला. मोठे साहेब हसत म्हणाले, "काका, तुमच्या तोंडूनच ऐकू द्या की."

आणि माधवराव सुटले! चहाचा कप हातात, समोर डझनभर माणसं, पोट धरून हसणारी. माधवरावांना गोष्ट सांगायची आणि त्यात माणसाचं नाव सांगायचं नाही, हे जमणार कसं? त्यांच्या गोष्टीत माणूस नावासकट येतो, गावासकट येतो, सासऱ्यासकट येतो. "अहो, शालूबाई! नवलाख उंबऱ्याच्या केरबांची सून. बाई वाघीण हो, पण पत्रिका बघितली आणि..." त्यांनी शालूबाईने ओंजळ कशी धरली तेही करून दाखवलं. लोक आणखी हसले. श्रीयश टेबलाखालून पाय मारत होता. माधवरावांना वाटलं, टेबल हलतंय.

संध्याकाळी श्रीयशचा फोन आला. "मामा, त्या बाईला घरी बसवलंय."

"कुठल्या बाईला?"

"कुठल्या काय विचारतोस? नाव तूच सांगितलंस ना सगळ्यांना! कंत्राटदाराला कळवलंय, गेटवर दुसरा माणूस द्या म्हणून."

"आणि तो रुचिर? दार तर त्यानं उघडलं! त्या अकाउंटच्या बाई मला हाताला धरून घेऊन गेल्या!"

"त्यांना ट्रेनिंग देणार आहेत."

बघा म्हणजे! सर्व्हर रूमचं दार उघडणाऱ्याला ट्रेनिंग, जेवणासकट, आणि गेट उघडणारीला घरचा रस्ता. याला काय न्याय म्हणायचं? माधवराव त्या रात्री जेवले नाहीत. बोललेही नाहीत, आणि हे त्या घरात आजवर कधी झालं नव्हतं. शेवटी अरुंधतीबाईंनीच विचारलं, "तुम्ही तिला अक्षता दिल्या होत्यात?"

"दिल्या होत्या."

"मग ती आपली पाहुणी झाली. आपल्या मुलीच्या लग्नाची पाहुणी. तिची नोकरी घालवलीत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी माधवराव पुन्हा त्या गेटवर हजर. नव्या गार्डने त्यांच्याकडून आधार कार्ड घेतलं, सही घेतली, पिशवी उलटी करून बघितली आणि उन्हात उभं केलं. कुणाची ओळख काढायची नाही, सासर विचारायचं नाही, असं माधवराव ठरवूनच आले होते. आणि खरंच नाही विचारलं. साहेबांनी बोलावलं तेव्हा त्यांनी बसायच्या आत सुरुवात केली.

"साहेब, त्या दिवशी मला किती जणांनी आत सोडलं ते मोजा. गेटवर एकीने. मग तुमच्या सगळ्या ऑफिसने. मग रुचिरने. आणि काचेआडून मान कुणी लववली? कुणीतरी येणार हे ठाऊक असून तुम्हीही विचारलं नाहीत हा म्हातारा कोण म्हणून. मग तुम्हाला घरी कोण बसवणार?"

साहेब आधी लाल झाले. श्रीयशनेही हात राखला नाही. त्याने लिहून कळवलं की माझी तीन माणसं पकडणारी तुमच्याकडे एकच व्यक्ती आहे, तिला काढणार असाल तर अहवालात तो काचेआडचा नमस्कारही घालावा लागेल. साहेब माणूस मुळात वाईट नव्हता, आणि तो नमस्कार हेड ऑफिसपर्यंत जाऊ नये असंही त्याला मनापासून वाटत होतं. शालूबाईला परत बोलावणं गेलं. गेटवर एक टेबल आलं, कुठलीही पत्रिका, पेढे, प्रसाद इथेच द्यावा, अशी पाटी आली. लग्नाच्या चारच दिवस आधी सगळं मिटलं.

माधवरावांच्या जिवात जीव आला, आणि जीव आला तसा तोराही परत आला. मिटवलं की नाही आपण? चांगली अर्धा किलो कंदी पेढ्यांची खोकी घेतली आणि निघाले नवलाख उंबऱ्याला. आता शालूबाई काय म्हणेल, केरबा कसे हात जोडतील, आणि आपण कसं "छे हो, त्यात काय!" म्हणायचं, ते सगळं त्यांनी स्कूटरवरच ठरवलं होतं.

केरबा अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांना कमी दिसायचं, पण आवाज ओळखला. "टेलिफोनवालं! या या. आमी समदी येनार बगा लग्नाला. जीप सांगितली म्या. पुतन्यालाबी घेतोय." माधवराव "हो हो" म्हणाले आणि त्यांनी पेढ्यांची खोकी या हातातून त्या हातात घेतली.

शालूबाई आतून आली. आज गणवेश नव्हता, साधी सुती साडी होती. दारामागच्या कोनाड्यात, जिथे पूर्वी फोन असायचा, तिथे सईची पत्रिका उभी करून ठेवलेली दिसत होती.

"फोन आला ना कंपनीचा?" माधवरावांनी अंदाज घेत विचारलं.

"आला. उद्यापास्नं बोलावलंय." तिने पेढे घेतले नाहीत, नाकारलेही नाहीत. खोकी बाजेच्या कडेला राहिली. "तुमी सायबाला बोललासा म्हनं."

"छे हो, त्यात काय!"

"एक इचारू?"

"विचारा की."

"इतकी वर्सं गेटवर हाय मी. दर लगीनसराईत पत्रिकांचं गठ्ठं माज्याच हातानं आत गेल्यात. सायबाची, म्याडमची, ड्रायवरचीबी येक आली व्हती येकदा. माज्या नावाची कवा आली न्हाई. तुमी पयलं. त्या आनंदात सही घ्यायची ऱ्हायली." ती उंबऱ्यावर बसली. "चूक माजी हाय, ती मी म्हनतेच. चोर बी येऊ शकतो पत्रिका घिऊन, कळतंय मला. पन येवडं खरं सांगा. आमी लग्नाला यायचं व्हतं, का न्हाई?"

माधवरावांना उत्तरं सुचली, नाही असं नाही. जन्मभर सुचत आली होती. "हे काय विचारणं झालं," म्हणता आलं असतं. "तुमच्याशिवाय लग्न कसं लागेल," हेही म्हणता आलं असतं, आणि ते अगदी खरं वाटलं असतं. पत्रिका खरी, तारीख खरी, बाप खरा; एक शब्द खोटा नव्हता, हे तर ते गावभर सांगून बसले होते. समोर ती बाई उत्तराची वाट बघत होती, आणि आता पहिल्यांदाच त्यांना कळत होतं की त्या दिवशी त्या गेटवर खोटं असं फक्त एकच होतं, आणि तेच तिने दोन्ही हातांनी घेतलं होतं. त्यांना लाज वाटली. फार लाज वाटली.

"नव्हतं," माधवराव म्हणाले. "त्या दिवशी नव्हतं, शालूबाई. कामासाठी दिली होती मी ती."

केरबांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. शालूबाई उठली, तिने कोनाड्यातली पत्रिका काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "मंग ही घिऊन जावा."

"आज खरी देतो," माधवराव घाईने म्हणाले. "आज मनापासून बोलावतोय. आमच्या हिला घेऊन येतो उद्या, दोघं मिळून आमंत्रण करतो..."

"नगं, भाऊ." ती रागाने बोलली नाही, गेटवर बोलायची तसंच नीट बोलली. "आज दिली तर ती माजं काम गेलं आन आलं म्हनून दिल्यावानी हुईल. ती बी कामाचीच की. लगीन नीट करा लेकीचं. आन मागनं कवातरी, कायबी काम नसताना या. तवा बगू."

माधवराव पत्रिका घेऊन निघाले. स्कूटरला किक मारायला त्यांना जमेना, केरबांच्या शेजाऱ्याने मारून दिली.

सईचं लग्न लोणावळ्याला थाटात झालं. माधवरावांनी सगळ्यांचं हसून स्वागत केलं, सगळ्यांना जेवायला आग्रह केला, आणि ओळखणाऱ्यांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून हा माणूस मधूनमधून दाराकडे बघून गप्प होतोय. अरुंधतीबाईंना ठाऊक होतं.

लग्नानंतर श्रीयशने दुसरं काम आणलं, मोठं, पुण्यातल्या मोठ्या कंपनीचं. मामाशिवाय होणार नाही म्हणाला. माधवराव म्हणाले, "तुला वाट्टेल ते सोंग घेतो. फायर ब्रिगेडवाला होतो, झुरळवाला होतो. पत्रिका मागू नकोस." श्रीयशने कारण विचारलं नाही, बहुतेक मामीकडून कळलं असावं.

मग एका रविवारी दुपारी ते नवलाख उंबऱ्याला गेले. पिशवी नेली नाही. पेढे नेले नाहीत. जाताना अरुंधतीबाईंनी विचारलं, कशाला चाललाय, तर त्यांना नीटसं सांगता आलं नाही. अंगणात केरबा झोपले होते. स्कूटरचा आवाज ऐकून शालूबाई दारात आली, हात पिठाने माखलेले, आणि तिथूनच तिने विचारलं, "काय काम काडलं?"

माधवराव फाटकाबाहेरच उभे राहिले. "काही नाही," ते म्हणाले.

तिने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग स्कूटरच्या डिकीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. तपासणी पुरती होईपर्यंत माधवराव एक शब्द बोलले नाहीत.

"कायबी न्हाई?"

"काहीही नाही."

"मंग या आत," शालूबाई म्हणाली. "भाकरी टाकलीय."